पैसा वॉशिंग्टनचा, दार काउंटीचे

संसदेच्या कोणत्याही अधिवेशनात कृषी मंत्रालयाला एक प्रश्न हमखास येतो. अमुक योजनेसाठी तरतूद किती होती, खर्च किती झाला आणि अमुक जिल्ह्यातील किती शेतकऱ्यांपर्यंत ती पोहोचली? पहिल्या दोन भागांची उत्तरे आकड्यांत मिळतात. तिसऱ्याचे उत्तर 'शेती हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असून' अशा वळणाने सुरू होते आणि राज्यनिहाय परिशिष्टापाशी संपते. जिल्हा त्या परिशिष्टात बहुधा नसतोच. पत्रकार कक्षात वर्षानुवर्षे बसणाऱ्यांना हे उत्तर तोंडपाठ असते. ते खोटेही नसते. सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीची चौदावी नोंद शेती राज्यांच्या हवाली करते, आणि योजनांचे पैसे वाटणारे कृषी भवनाचे स्वतःचे कार्यालय तालुक्याच्या गावी नसते. दिल्लीने धनादेश लिहायचा, राज्याने तो वटवायचा आणि शेतकऱ्याने दोघांपैकी कोणाला विचारायचे हे ठरवत बसायचे, अशी ही रचना आहे.

अमेरिका हे आपल्यापेक्षाही कडवे संघराज्य. तिथे मात्र केंद्राच्या कृषी खात्याने ग्रामीण काउंटीच्या गावात स्वतःचे दुकान थाटले आहे. २०२५ पासून भारत आणि अमेरिका यांच्या व्यापारी वाटाघाटींत शेतमाल हा सर्वांत नाजूक मुद्दा ठरला. त्याआधी दोन दशके, दोहा फेरी आणि २००३ च्या कानकुन परिषदेपासून, उद्योग भवनातले आपले अधिकारी अमेरिकी अनुदानांची मोजदाद 'पिवळी पेटी', 'निळी पेटी', 'हिरवी पेटी' अशा रंगांत करीत आले आहेत. जमीन आणि पाणी राखण्यासाठी दिले जाणारे पैसे हिरव्या पेटीत पडतात आणि म्हणून जागतिक व्यापार संघटनेच्या कात्रीतून सुटतात, हे त्यांना ठाऊक आहे. पण त्या पेटीतला डॉलर प्रत्यक्ष शेतकऱ्याच्या हातात कसा पडतो, आणि कोणाच्या हातात पडत नाही, हे जिनिव्हात दिसत नाही. त्यासाठी एखाद्या काउंटीचे दार ठोठवावे लागते.

ते दार उत्तर कॅरोलिनातल्या ॲन्सन काउंटीचे असावे, याला कारण आहे. क्षेत्रफळाने आपल्याकडच्या मोठ्या तालुक्याएवढी, लोकसंख्येने जेमतेम २२ हजारांची ही काउंटी. मुख्य गाव वेड्सबरो. कधीकाळी कापसाचा मुलूख, आता कोंबडीपालनाचाही. याच वेड्सबरोजवळच्या कापसाच्या मळ्यात १८८१ साली ह्यू हॅमंड बेनेट यांचा जन्म झाला. दर पावसाळी सरीबरोबर तांबडी माती उतारावरून ओढ्याला मिळताना पाहत वाढलेला हा मुलगा पुढे कृषी खात्यात मृदासर्वेक्षक झाला, आणि १९२८ मध्ये त्याने खात्याच्याच पत्रिकेतून जमिनीची धूप हे राष्ट्रीय संकट असल्याचे बजावले. खात्यातल्या वरिष्ठांना माती ही कधीच न संपणारी ठेव वाटत होती. बेनेट एकटे पडले नाहीत ते केवळ दुष्काळामुळे.

१९३५ च्या वसंतात सिनेटच्या समितीपुढे बेनेट साक्ष देत होते. मध्य पठारावरून उठलेले धुळीचे वादळ पूर्वेकडे सरकत असल्याची खबर त्यांना होती, म्हणून ते मुद्दाम लांबण लावीत राहिले. अखेर सदस्य खिडकीशी गेले तेव्हा राजधानीचे आकाश काळवंडले होते, अशी कथा आहे. ती इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिच्यावर थोडा मुलामा चढला असणार. संसदीय समित्यांचे कामकाज जवळून पाहिलेल्या कोणालाही मात्र ती पटते. साक्षीदाराच्या युक्तिवादापेक्षा खिडकीबाहेरचा पुरावा सदस्यांना लवकर समजतो. २७ एप्रिल १९३५ रोजी मृद्संधारण कायद्यावर अध्यक्ष रूझवेल्ट यांची सही झाली आणि मृद्संधारण सेवेचे पहिले प्रमुख बेनेट झाले. हीच संस्था १९९४ पासून 'नॅचरल रिसोर्सेस कॉन्झर्व्हेशन सर्व्हिस', म्हणजे एनआरसीएस, या नावाने ओळखली जाते.

माती राखण्याचे हे काम अमेरिकेत शेती अनुदानाशी कायमचे जोडले गेले, त्यामागे न्यायालय होते. जानेवारी १९३६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बटलर खटल्यात रूझवेल्ट यांच्या शेती कायद्याचा कणाच मोडला. शेतीच्या उत्पादनावर नियंत्रण ठेवणे हा राज्यांचा अधिकार, केंद्राचा नव्हे, असा त्या निकालाचा आशय. म्हणजे आपली चौदावी नोंदच, वेगळ्या शब्दांत. सरकारने दोन महिन्यांच्या आत वाट काढली. फेब्रुवारी १९३६ च्या नव्या कायद्यात शेतकऱ्याला पैसे मिळायचे ते कापूस किंवा गहू कमी पेरल्याबद्दल नव्हे, तर जमीन झिजवणाऱ्या पिकांऐवजी जमीन राखणारी पिके घेतल्याबद्दल. पीक कमी झालेच, पण कारण बदलले. भाव सावरण्याचे राजकारण आणि माती सावरण्याचे शास्त्र तेव्हापासून एकाच पाकिटात जाते. हिरव्या पेटीचे मूळ असे घटनात्मक पळवाटेत आहे, हे जिनिव्हातल्या चर्चेत कोणी फारसे काढत नाही.

पुढची अडचण संघराज्याची. केंद्राचा माणूस खासगी शेतात बांध घालायला जाणार कोणत्या अधिकारात? फेब्रुवारी १९३७ मध्ये रूझवेल्ट यांनी सर्व राज्यांच्या गव्हर्नरांना एका नमुना कायद्याचा मसुदा पाठविला. राज्याने कायदा करावा, त्याखाली स्थानिक शेतकऱ्यांनी मतदानाने आपले 'मृद्संधारण मंडळ' उभारावे आणि केंद्राने त्या मंडळाला तंत्रज्ञ पुरवावा, अशी योजना. या पद्धतीने देशातले पहिले मंडळ ऑगस्ट १९३७ मध्ये स्थापन झाले ते बेनेट यांच्याच ॲन्सन काउंटीत, ब्राऊन क्रीक या ओढ्याच्या नावाने. आज अशी सुमारे तीन हजार मंडळे देशभर आहेत. उत्तर कॅरोलिनात मंडळावर पाच जण असतात, तिघे निवडून आलेले आणि दोघे नेमलेले. याच सुमारास, १९४२ साली, मुंबई प्रांताने जमीन सुधारणा योजना कायदा केला होता. सोलापूर-विजापूरकडच्या बांधबंदिस्तीचा इतिहास माहीत असलेल्या जुन्या अधिकाऱ्यांना त्याची आठवण येईल. पण आपल्याकडे बांध सरकारी अमल्याने घातले. तिकडे शेतकऱ्यांनी निवडलेले मंडळ मधे आले. फरक इथून पडत गेला.

आता दारातून आत जाऊ. समजा कोणी चाळीस एकर जमीन घेतली आहे. कुरणाला घळी पडल्या आहेत, गुरे ओढ्यात उतरून काठ ढासळवतात. याला कुंपण, गुरांसाठी पाण्याची टाकी आणि थोडी बांधबंदिस्ती करायची आहे. त्याला सरकारी पैसा शोधायचा आहे. एकाच छताखाली तीन टेबले असतात, निदान असावीत अशी कल्पना आहे. पहिले 'फार्म सर्व्हिस एजन्सी'चे. तिथे जमिनीचे कागद किंवा भाडेपट्टा दाखवून 'फार्म नंबर' घ्यावा लागतो. हा क्रमांक म्हणजे तिकडचा सातबाराच म्हणा. त्याच्यावाचून पुढची कोणतीच खिडकी उघडत नाही. मग उत्पन्नाचे प्रमाणपत्र, आणि एक हमीपत्र: अति धूप होणाऱ्या जमिनीवर आराखड्याशिवाय नांगर घालणार नाही, पाणथळ जागा बुजवून पीक घेणार नाही. १९८५ च्या कायद्याने घातलेली ही अट अमेरिकी शेती धोरणातली सर्वांत शहाणी तरतूद आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सरकारचा पैसा घ्यायचा तर जमीन राखा, अन्यथा इतरही लाभ विसरा. १९८२ ते २०१७ या काळात अमेरिकेतील पिकाऊ जमिनीची धूप सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्याचे सरकारी पाहणी सांगते. त्या घटीत या अटीचा वाटा आहे.

दुसरे टेबल एनआरसीएसचे. इथे मात्र टेबलाशी काम होत नाही. संधारण तंत्रज्ञ शेतावर येतो, उतार पाहतो, माती पाहतो, ओढ्याकाठी उभा राहून गुरे कुठून उतरतात ते विचारतो आणि आराखडा तयार करतो. त्या आराखड्यावर अर्ज बेततो. या टेबलावरची मुख्य योजना म्हणजे १९९६ साली सुरू झालेला पर्यावरण गुणवत्ता प्रोत्साहन कार्यक्रम, तिकडच्या बोलीत 'इक्विप'. यात कामाच्या खर्चाचा पाऊण हिस्सापर्यंत वाटा सरकार उचलते. नवा शेतकरी, अल्प साधनांचा शेतकरी किंवा माजी सैनिक असेल तर ९० टक्क्यांपर्यंत. शेजारी आणखी दोन योजना. जमीन दहा ते पंधरा वर्षे लागवडीबाहेर ठेवून गवत किंवा झाडे लावणाऱ्याला वार्षिक भाडे देणारा १९८५ चा 'सीआरपी', जिची मर्यादा दोन कोटी ७० लाख एकर आहे. आणि आधीच नीट राखलेल्या शेतीला पाच वर्षांच्या कराराने मोबदला देणारा 'सीएसपी'. तिसरे टेबल ब्राऊन क्रीक मंडळाचे. तिथे राज्याचा १९८४ पासूनचा स्वतंत्र निधी आहे आणि तोही साधारण ७५ टक्के खर्च देतो.

ऐकायला हे सोपे वाटते. पण यात नियमांच्या पोटात तीन आडवळणे आहेत, आणि योजना सापडणे किंवा न सापडणे त्यांवरच ठरते.

पहिले आडवळण वेळेचे. अर्ज वर्षभर घेतले जातात, परंतु निवड राज्याने ठरविलेल्या तारखांना होते आणि तारीख चुकली की अर्ज पुढच्या फेरीत जातो. दुसरे कामाचे. करारावर सही होण्याआधी खांब रोवला तर त्या कामाचे पैसे मिळत नाहीत. उत्साही माणसाला ही शिक्षाच आहे. गुरे ओढ्यात उतरत असताना कागदाची वाट पाहत बसणे शेतकऱ्याच्या स्वभावात नाही, वेड्सबरोत नाही आणि बीडमध्येही नाही. तिसरे सर्वांत जड. पैसे काम पूर्ण होऊन तपासणी झाल्यावर मिळतात. म्हणजे आधी खिशातून घाला. अल्प साधनांच्या शेतकऱ्याला निम्मी रक्कम आगाऊ घेण्याची सोय कायद्यात आहे, पण ती आहे हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. सांगणारा माणूस म्हणजे तो तंत्रज्ञ. बड्या बागायतदाराला सल्लागार ठेवता येतो. चाळीस एकरवाल्याचा सल्लागार सरकारी पगारावरच असतो.

एवढे करून पदरात पडेलच असे नाही. इन्स्टिट्यूट फॉर ॲग्रिकल्चर ॲण्ड ट्रेड पॉलिसी या संस्थेने २०२१ मध्ये सरकारी आकड्यांच्या आधारे दाखविले की, २०१० ते २०२० या काळात इक्विपसाठी अर्ज करणाऱ्यांपैकी ३१ टक्के आणि सीएसपीच्या अर्जदारांपैकी ४२ टक्के यांनाच करार मिळाले. रांगेतल्या दर तिघांपैकी दोघे रिकाम्या हाताने परतत होते. इक्विपचा निम्मा निधी पशुधनाशी संबंधित कामांसाठी राखून ठेवलेला असतो आणि एका लाभार्थ्याला २०१८ च्या कायद्याप्रमाणे साडेचार लाख डॉलरपर्यंत रक्कम मिळू शकते. कोंबड्यांच्या किंवा डुकरांच्या मोठ्या शेडची विष्ठा साठविण्याचे बांधकाम हेही 'संधारण' ठरते. ते आवश्यक नाही असे नाही. ओढा त्यामुळेही वाचतो. पण एका बाजूला प्रदूषण करणारा धंदा वाढू द्यायचा आणि दुसऱ्या बाजूने त्याची गटारे सार्वजनिक पैशाने बांधून द्यायची, यावर तिकडच्या पर्यावरणवाद्यांचा राग आहे. तो आपल्या साखर कारखान्यांच्या मळीची आठवण असलेल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि मग जमिनीच्या कागदाचा प्रश्न. दक्षिणेकडील राज्यांत यादवी युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी कष्टाने जमिनी घेतल्या. मृत्युपत्र करण्याची सोय नव्हती, वकिलावर विश्वास नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या जमीन सर्व वारसांच्या सामाईक मालकीत राहिली. नावे वाढत गेली, वाटणी झाली नाही. तिकडे याला 'वारसांची मालमत्ता' म्हणतात. आपल्याकडच्या सातबाऱ्यावर मयत आजोबांच्या नावाखाली चौदा नावे असतात, तसेच हे. शेत कसणारा एक, मालक कागदोपत्री अनेक, आणि काही शिकागोला स्थायिक झालेले. फार्म नंबर मागायला गेले की स्पष्ट मालकीहक्काचा कागद मागितला जाई. २०१८ च्या शेती कायद्याने अशा कसणाऱ्यांना पर्यायी कागदांवर फार्म नंबर देण्याची वाट खुली केली. इतक्या साध्या दुरुस्तीला ऐंशी वर्षे लागली. दिल्लीतून २०१९ मध्ये पीएम-किसानचे वर्षाला सहा हजार रुपये देताना जमिनीच्या नोंदीवर बोट ठेवले गेले आणि खंडाने कसणारा बाहेर राहिला, तो निर्णय घेणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक होता की नाही, कोणास ठाऊक. खंडकऱ्याची गत अमेरिकेतही फारशी निराळी नाही. कराराच्या मुदतीइतका जमिनीवर ताबा असल्याचे दाखवावे लागते, आणि दरसाल बदलणाऱ्या पट्ट्यावर ते जमत नाही.

काउंटी पातळीवरच्या लोकशाहीची दुसरी बाजूही पाहायला हवी, कारण आपल्याकडे 'निर्णय गावात घ्या' हा मंत्र फार सहज म्हटला जातो. फार्म सर्व्हिस एजन्सीच्या कारभारावर प्रत्येक काउंटीत शेतकऱ्यांनी निवडलेली समिती असते. तीन ते अकरा सदस्य, तीन वर्षांची मुदत, टपालाने मतदान. कार्यालयाचा प्रमुखही ही समितीच नेमते. तीसच्या दशकातील नव्या शेती कार्यक्रमांतून ही पद्धत आली. दक्षिणेत या समित्या गोऱ्या जमीनदारांच्या हाती राहिल्या. पीक कमी करण्याचे सरकारी पैसे जमीनदाराकडे गेले आणि बटाईने कसणारी कुटुंबे शेतावरून हाकलली गेली. पुढे कर्जे, आपत्तीची मदत, योजनांची माहिती, सर्वांची चावी त्याच दाराला होती. १९६५ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये तिथल्या नागरी हक्क आयोगाने यावर अहवाल दिले. तरीही रेगन यांच्या काळात खात्याची भेदभावाच्या तक्रारी तपासणारी यंत्रणा मोडीत निघाली.

अखेर प्रकरण न्यायालयात गेले. 'पिगफर्ड विरुद्ध ग्लिकमन' या नावाने गाजलेल्या दाव्याचा मुख्य वादी उत्तर कॅरोलिनाचाच शेतकरी होता. १९८१ ते १९९६ या काळातील भेदभावाबद्दल एप्रिल १९९९ मध्ये समझोता मंजूर झाला. २२ हजारांहून अधिक दावे आले, त्यांतील सुमारे १५ हजार ६०० मान्य झाले आणि एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम द्यावी लागली. मुदत चुकलेल्यांसाठी २०१० मध्ये आणखी सव्वा अब्ज डॉलरची तरतूद झाली. १९२० मध्ये देशात सव्वानऊ लाखांवर कृष्णवर्णीय शेतकरी होते. २०२२ च्या शेती गणनेत, मोजणीची पद्धत अधिक सैल करूनही, ते सुमारे ४६ हजार ७०० भरले. सर्वच घट काउंटी कार्यालयामुळे झाली असे म्हणणे अन्यायाचे होईल. शहरांकडची ओढ, यंत्रे, कापसाचे कोसळलेले भाव, सारेच त्यात आहे. पण कर्ज पेरणीनंतर मंजूर करणे हा छळाचा किती सभ्य प्रकार आहे, हे त्या दाव्याच्या कागदपत्रांत वाचावे. २०२४ च्या जुलैअखेर बायडेन प्रशासनाने भेदभाव सोसलेल्या ४३ हजारांहून अधिक लोकांना सुमारे दोन अब्ज डॉलर वाटले. त्यानंतर वर्षभराच्या आत, जुलै २०२५ मध्ये, ट्रम्प प्रशासनाच्या कृषी खात्याने वंश व लिंग यांच्या आधारे दिले जाणारे प्राधान्यच बंद केले.

२०२२ ते २०२५ ही तीन-चार वर्षे या यंत्रणेची खरी परीक्षा घेऊन गेली. ऑगस्ट २०२२ च्या महागाई नियंत्रण कायद्याने संधारणासाठी साडेएकोणीस अब्ज डॉलर दिले. तीसच्या दशकानंतरची ही सर्वांत मोठी भर मानली गेली. त्यातले सुमारे साडेआठ अब्ज एकट्या इक्विपचे. परत गेलेले अर्जदार पुन्हा बोलावले गेले, आराखडे झाले, सह्या झाल्या, शेतकऱ्यांनी खिशातून खर्च केला. २० जानेवारी २०२५ रोजी नव्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी काढलेल्या आदेशाने या कायद्याखालचे पैसे थांबविले. कुंपण उभे, टाकी बसलेली, तपासणी झालेली, आणि परतावा अडकलेला. फेब्रुवारीच्या २० तारखेला कृषी खात्याने जाहीर केलेली पहिली सुटका सुमारे दोन कोटी डॉलरची होती. साडेएकोणीस अब्जांच्या तुलनेत हा आकडा वाचून अनेकांनी तो दोनदा वाचला असेल. सरकारने सही केलेला करार सरकारच थांबवू शकते, हे ग्रामीण अमेरिकेला प्रथमच कळले असे नव्हे. पण या वेळी ते ट्रम्प यांना भरघोस मते देणाऱ्या काउंट्यांना कळले.

राजकारणाची गंमत अशी की, पैसा शेवटी बुडाला नाही. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या मोठ्या अर्थसंकल्पी कायद्याने न वापरलेला संधारण निधी मागे घेतला आणि तोच शेती कायद्याच्या कायम तरतुदीत वळता केला. हवामानाशी निगडित अट तेवढी गळाली. शेतकरी संघटना आणि त्यांचे रिपब्लिकन खासदार या दोघांनाही हे हवे होते. संधारणाच्या नावाखाली येणारा पैसा सोडायला कोणताही ग्रामीण खासदार तयार नसतो. १९३६ पासून हेच चालत आले आहे. एवढेच नव्हे, तर प्रशासनाने २०२६ च्या अर्थसंकल्पात संधारणाच्या तांत्रिक सहाय्यासाठी दरसाल मंजूर करावी लागणारी तरतूद काढून टाकण्याचा प्रस्ताव दिला, तेव्हा काँग्रेसने तो मानला नाही.

माणसांचे तसे झाले नाही. २०२५ च्या पहिल्या काही महिन्यांत कृषी खात्यातील १५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी सरकारने पुढे केलेल्या राजीनामा योजना स्वीकारल्या. त्या वर्षीच्या मध्यापर्यंत एनआरसीएसने आपला सुमारे पाचवा हिस्सा गमावला होता. वॉशिंग्टनच्या फाइलीत हा केवळ मनुष्यबळाचा आकडा. काउंटीत त्याचा अर्थ असा की आराखडा करायला येणारा तंत्रज्ञ आता दोन-तीन काउंट्या सांभाळतो, किंवा ते टेबलच रिकामे असते. तरतूद वाढली आणि ती वाटणारा हात कमी झाला. मोठ्या बागायतदाराच्या सल्लागाराला याने फरक पडत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून ४३ दिवस केंद्र सरकारच ठप्प झाले, तेव्हा हंगाम संपवून कर्जाच्या कागदांसाठी आलेल्यांना काउंटी कार्यालयांची दारे बंद आढळली. ओरड इतकी झाली की ठप्पकाळातच सुमारे २,१०० कार्यालये प्रत्येकी दोन कर्मचाऱ्यांनिशी उघडावी लागली. केंद्राच्या कोणत्या कचेरीवाचून ग्रामीण भागाचे अडते, याची इतकी नेमकी मोजणी एरवी झाली नसती.

दिल्लीतल्या आपल्या मंडळींनी यातून काय घ्यायचे, हे ज्याने त्याने ठरवावे. कृषी भवनात 'पोर्टल' हा शब्द आता योजनेच्या समानार्थी वापरला जातो. अर्ज ऑनलाइन, ओळख आधारवर, रक्कम थेट खात्यात. ज्या योजनेत सर्वांना सारखी रक्कम द्यायची आहे तिथे हे ठीक चालते. पाणलोटाचे तसे नाही. घळ कुठे आहे हे पोर्टलला दिसत नाही, आणि आपल्याकडे पाणलोटाचा निधी ग्रामविकास मंत्रालयाच्या भूमिसंसाधन विभागात, ठिबकचा कृषीत आणि मजुरीचा तिसरीकडे, अशी वाटणी आहे. तालुका कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर हे सारे प्रवाह येऊन मिळावेत अशी अपेक्षा असते. त्या टेबलामागची खुर्ची अनेकदा प्रभारी असते. विदर्भातल्या किंवा बुंदेलखंडातल्या शेतकऱ्याने योजना 'शोधावी' असे आपण म्हणतो, तेव्हा त्याने किती खिडक्या पालथ्या घालायच्या हे आपणच ठरवीत असतो. अमेरिकेने निदान टेबले एका छताखाली आणली होती.

तिकडे २०१८ चा शेती कायदा २०२३ मध्येच संपला. त्याला नोव्हेंबर २०२५ मध्ये तिसरी मुदतवाढ मिळाली, ३० सप्टेंबर २०२६ पर्यंतची. दरम्यान कृषिमंत्री ब्रूक रॉलिन्स यांनी जुलै २०२५ मध्ये जाहीर केले की, खात्याचे वॉशिंग्टनमधले बहुतांश अधिकारी देशातील पाच शहरांत हलविले जातील. शेतकऱ्यांच्या जवळ जाण्यासाठी. त्या पाचांपैकी एक शहर उत्तर कॅरोलिनाची राजधानी रॅले. तिथून वेड्सबरो मोटारीने दोनेक तासांवर आहे. ब्राऊन क्रीकच्या काठाशी जाऊन उतार मोजणाऱ्या तंत्रज्ञाची रिकामी जागा भरण्याविषयी त्या घोषणेत काही नव्हते.